घरातील वडील माणूस

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणासंबंधी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी जेमतेम मॅट्रिक झालेला, आणि सारी नोकरी खेड्यातील शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेला मनुष्य. व्याख्यान देण्याची माझी योग्यता नाही. तथापि या विषयासंबंधी माझ्या मनात पुष्कळ वर्षांपासून एक शल्य आहे. ते घरच्या माणसांपुढे बोलून दाखविले तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल, असे वाटले म्हणून उभा राहिलो आहे.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी दिवंगत वडील मंडळींची छायाचित्रे येतात. त्यांच्याखाली 'कष्टाळू, मायाळू, धर्मपरायण' अशी विशेषणे असतात. ती खोटी असतात असे मी म्हणत नाही. परंतु विशेषणांवरून माणूस कळत नाही. त्याने कर्ज कसे फेडले, मुलांशी त्याचे कशावरून बिनसले, शेवटच्या वर्षी तो कुठे बसत असे आणि त्याच्याजवळ कोण बसत असे, हे पुढच्या पिढीला समजले तरच स्मरणाचा उपयोग. म्हणून आज मी एका वऱ्हाडी शेतकऱ्याचे आयुष्य सांगणार आहे. ते त्याच्या नातवानेच लिहून ठेविले आहे, आणि गोड तेवढे ठेवून कडू गाळण्याचा मोह त्या नातवाने टाळला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडच्या भागात उटी नावाचे गाव आहे. तेथील सीताराम गावंडे हे ते शेतकरी. त्यांचे चिरंजीव आत्माराम डॉक्टर होऊन अमेरिकेस गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांचे पुत्र डॉ. अतुल गावंडे हे बोस्टन शहरातील नामांकित शल्यचिकित्सक. त्यांनी २०१४ साली 'बीइंग मॉर्टल' या नावाचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हातारपण आणि मरण यांपुढे आजचे वैद्यक कोठे कमी पडते, हा त्याचा विषय. एवढ्या मोठ्या विषयाच्या आरंभीच्या प्रकरणात त्यांना आठवण झाली ती उटीच्या आपल्या आजोबांची. माझी नात पुण्यास शिकते. ती सुट्टीत आली असता तिने हा भाग मला वाचून त्याचा अर्थ सांगितला. त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण पुढे सांगेन.

अकोल्याकडील मंडळींना हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. पुसद-उमरखेडचा तो मुलूख १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. त्या साली वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका यवतमाळकडे गेला आणि वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यात आले. पुढे १९९८ साली वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. तेव्हा सीतारामजी ज्या मुलखात जन्मले, तो आपल्याच घराचा एक खण होता.

नातवाने त्यांना पाहिले ते १९८५ च्या सुमारास, आणि त्या वेळी त्यांनी शंभरी ओलांडली होती. म्हणजे त्यांचे बालपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे. तो काळ वऱ्हाडात कसा होता, हे तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ पासून जमिनीची मोजणी होऊन रयतवारी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याच सुमारास कापसाचे भाव चढले, आणि १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. कापसाबरोबर पैसा आला. रयतवारीने जमीन शेतकऱ्याच्या नावे झाली खरी, पण जी जमीन नावावर होते ती गहाणही टाकता येते. शेतकऱ्याच्या दाराशी सावकार बसला तो या वाटेने. त्यावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून जो शब्द असे, तो या दुसऱ्याचा. पाऊस चुकला की कर्ज, आणि कर्ज चुकले की वावर गेले, अशी ती रीत होती. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे श्रीगाडगेबाबांचे मामा चंद्रभानजी यांची शेती सावकाराने गिळली, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. त्या धक्क्यातून चंद्रभानजी सावरले नाहीत.

उटीस तेच घडले. एका वर्षी पीक बुडाले. सीतारामजींच्या वडिलांची सारी जमीन सावकाराकडे गेली. उरले दोन एकर, तेही गहाण, आणि दोन मरतुकडे बैल. इतके झाल्यावर वडील वारले. थोरला मुलगा म्हणून सर्व कर्ज सीतारामजींच्या अंगावर आले. वय अठरा, नुकतेच लग्न झालेले. आपल्याच उरलेल्या दोन एकरांवर त्यांना बांधील गड्यासारखे राबावे लागले. एक वेळ अशी आली की, नवराबायकोच्या ताटात भाकरी आणि मीठ यांवाचून काही नव्हते, आणि तेही पोटभर नव्हते. परंतु त्यांनी देवाला आळविले आणि नांगर सोडला नाही. पुढे एक साल असे पिकले की, घरात दाणा आला आणि कर्जही फिटले.

दापुरे व उटी या दोन्ही ठिकाणी सावकार तोच आणि आभाळही तेच. एक माणूस मोडला आणि दुसरा उभा राहिला. म्हणून पहिला आळशी व दुसरा उद्योगी, असा निवाडा कुणी करू नये. एका चांगल्या पावसाळ्याचा फरक कधी कधी दोन घराण्यांचे भवितव्य ठरवितो, हे शेतकऱ्याच्या मुलांना मी सांगावयास नको.

कर्ज फिटल्यावर सीतारामजींनी दोन एकरांचे दोनशेहून अधिक एकर केले. गावातील मोठ्या जमीनदारांत त्यांची गणना होऊ लागली. आणि ज्यांनी सावकाराचा चटका सोसला, ते स्वतःही सावकारी करू लागले. नातवाने ही गोष्ट लपविली नाही, म्हणून मीही लपवीत नाही. त्यांची तीन लग्ने झाली. तिन्ही पत्नी त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. मुले तेरा झाली. शिक्षण, मेहनत, काटकसर, दिलेला शब्द पाळणे आणि दुसऱ्याकडूनही तो काटेकोरपणे पाळून घेणे, ही त्यांची शिकवण होती. त्या काळी शिक्षणासाठी घरची जमीन पणाला लावणारे कर्ते पुरुष वऱ्हाडात होते. पापळच्या शामराव देशमुखांनी जमीन गहाण ठेवून आपल्या पंजाबरावांना १९२० साली विलायतेस पाठविले, हे आपण जाणतोच. ज्या पिढीने स्वतः अंगठ्यापलीकडे फारसे पाहिले नाही, तिने पुढच्या पिढीच्या हाती पाटी दिली. तिचे हे ऋण फार मोठे आहे.

आता त्यांच्या म्हातारपणाकडे वळतो. १९०१ ते १९११ या दशकात आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात गेले आहे. त्या काळात साठी गाठणारे थोडे, आणि शंभरी गाठणारा तर पंचक्रोशीत एखादाच. नातू भेटला तेव्हा सीतारामजी काठीच्या आधाराने चालत. पाठ वाकलेली होती. कानाशी रबरी नळी धरून तीतून मोठ्याने बोलावे तेव्हा त्यांना ऐकू येई. बसल्या जागेवरून उठावयास कधी कधी हात द्यावा लागे. परंतु डोक्यास घट्ट बांधलेले पांढरे पागोटे, अंगात इस्त्रीचा लोकरी सदरा आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, असा त्यांचा थाट होता. पंगतीत पहिले ताट त्यांना वाढले जाई. घरात येणारा तरुण त्यांच्या पायांवर डोके ठेवी. सोयरीक, शेताच्या धुऱ्याचा तंटा, देण्याघेण्याचा व्यवहार, यांपैकी काहीही त्यांच्या सल्ल्यावाचून होत नसे. एक मुलगा आपल्या कुटुंबासह त्यांच्याजवळ राहत असे, आणि मुले, नातवंडे, पुतणे यांचा घोळका अवतीभवती असे.

येथवर जे सांगितले ते आपल्या स्मरणिकेतही छापता आले असते. पुढची गोष्ट मात्र मला स्वतःला शिकविणारी ठरली.

सीतारामजींचा जन्मभराचा एक नेम होता. पहाटे सूर्योदयापूर्वी उठावयाचे आणि रात्री घोड्यावर बसून सर्व शेताची फेरी केल्यावाचून झोपावयाचे नाही. वय शंभर झाले तरी हा नेम सुटेना. तोल सांभाळत नव्हता. रात्रीची वेळ, शेतातील वाट, अंधार, साप-काटा. मुलांना भीती वाटे की म्हातारा एखाद्या दिवशी पडेल. अशा वेळी आपण काय केले असते? घोडा विकून टाकला असता. "आता बस झाले बाबा, घरात बसून हरिनाम घ्या," असे सांगितले असते, आणि ते प्रेमापोटीच सांगितले असते. त्यांच्या मुलांनी तसे केले नाही. त्यांनी लहान चणीचे एक घोडे आणले, आणि फेरीच्या वेळी कुणी ना कुणी सोबत राहील अशी व्यवस्था केली. वारले त्या वर्षापर्यंत सीतारामजी आपल्या शेताला फेरी घालीत होते.

बंधूंनो, हे ऐकले आणि माझी झोप उडाली. आता माझे शल्य सांगतो.

माझे वडील दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू शेतकरी. उटीच्या मानाने आमची शेती फार थोडी. थोरले बंधू वावर पाहत. मी नोकरीनिमित्त अकोल्यास राहत असे. आई पूर्वीच गेली होती. वडिलांनी पंच्याऐंशी गाठली तरी रोज सकाळी काठी घेऊन ते वावरात जात. काम काही होत नसे. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसावे, डवऱ्याचे बैल निरखावेत, पऱ्हाटीची पाने उलटून पाहावीत आणि दुपारी परत यावे. वाटेत एक नाला होता. २००३ च्या पावसाळ्यात ते नाल्याच्या काठावर घसरून पडले. हाड मोडले नाही, फक्त खरचटले. परंतु मी घाबरलो. गावी गेलो आणि बंधूंना म्हणालो, "दादा, आता यांना वावरात जाऊ द्यायचं नाही. मी अकोल्याला नेतो." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी काठी घेतली आणि ते माझ्याबरोबर एस. टी. मोटारीत बसले.

अकोल्यास मी त्यांची सर्व सोय केली. खाट, गादी, पंखा, वेळेवर औषध, वेळेवर जेवण. शेजारीपाजारी म्हणत, "गुरुजी, बापाची सेवा करावी तर तुमच्यासारखी." मलाही ते ऐकून बरे वाटे. वडील दिवसभर खिडकीशी बसून असत. कुणी गावाकडचा आला की ते विचारीत, "तिफन निंगाली का रे?" माणूस म्हणे, "बाबा, आता वेचणी सुरू झाली. तिफण कुठली?" ते मान हलवीत आणि चार दिवसांनी दुसऱ्याला पुन्हा तेच विचारीत. वर्ष भरण्याच्या आत ते गेले. डॉक्टरांनी कारण लिहिले वार्धक्य. मी गावी दहाव्याला गेलो तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मामाजी वावरात जात होते तवर त्यायचं मन लागे."

वहिनींनी मला दोष दिला नाही. पण वाक्य मनात राहिले. नाल्यावर दोन फळ्या टाकता आल्या असत्या. सकाळी शाळेला जाणाऱ्या एखाद्या नातवाला नाल्यापर्यंत सोबत देता आली असती. लहान घोडे आणण्यास काही दोनशे एकर लागत नाहीत. मला ते सुचले नाही, कारण वडिलांना काय हवे आहे हे मी त्यांना विचारलेच नाही. त्यांनी पडू नये, एवढेच मी पाहिले. ते कशासाठी उठतात, हे मी पाहिले नाही.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, जुने ते सोने असे म्हणून मोकळे व्हा. तसे मी म्हणणार नाही, कारण सीतारामजींच्या चरित्राचा आणखी एक भाग आहे. ते शंभरीस पोचले तेव्हा त्यांची मुले स्वतः म्हातारी झाली होती. तरी जमीन वडिलांच्याच हाती होती. हाती स्वतंत्र व्यवहार यावा म्हणून केस पिकलेले मुलगे वाट पाहत होते. अखेरच्या वर्षी सीतारामजी आणि ज्या मुलाजवळ ते राहत तो मुलगा, यांच्यात मोठे भांडण झाले. कारण काय, हे नक्की कुणालाच सांगता येईना. कदाचित मुलाने एखादा व्यवहार न विचारता केला असेल, कदाचित खिडकी उघडी ठेवावी की लावावी एवढ्यावरूनही असेल. परिणाम असा झाला की, एका रात्री म्हातारे घराबाहेर होते. कुणी म्हणे ते रागाने निघून गेले, कुणी म्हणे त्यांना बाहेर ठेवून दार लावून घेतले. त्या वयात ते कसेबसे काही मैल दूर असलेल्या दुसऱ्या एका नातलगाच्या घरी पोचले, आणि दोन महिने परत आले नाहीत.

ज्या घरात लहान घोडे आणण्याइतके प्रेम होते, त्याच घरात ही रात्रही आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि माझ्या मते दोहोंचे मूळ एकच आहे. जमीन म्हाताऱ्याच्या हाती होती म्हणून त्याचा शब्द चाले, आणि जमीन त्याच्याच हाती राहिली म्हणून मुलांचा जीव कोंडला. माझ्या थोरल्या बंधूंचेच पाहा. साठीला आले तरी सातबारा वडिलांच्या नावे. सेवा सोसायटीचे पीककर्ज घ्यावयाचे तर वडिलांची सही हवी. बैल विकावयाचा तर त्यांची परवानगी हवी. बंधू कधी उलट बोलले नाहीत. पण एकदा मला म्हणाले, "तुला महिन्याला पगार भेटते. मला साठ वर्षांत माह्या हातानं एक सौदा करता आला नाही." मी अकोल्यात राहून वडिलांच्या मानाबद्दल बोलत होतो. त्या मानाची किंमत बंधू भरीत होते.

आणि ज्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही, त्यांची किंमत तर त्याहून मोठी. शंभर वर्षांच्या माणसाची धोतरे कुणी धुतली, भाकरी दुधात कुस्करून कुणी दिली, रात्री हाक आली तर प्रथम कोण उठले? घरोघर याचे उत्तर एकच आहे. सून, किंवा माहेरी राहिलेली लेक. ताटावर पहिला मान म्हाताऱ्याचा, सल्ल्याचा मान मुलांचा, आणि वाटणीच्या कागदावर सुनेचे नाव कोठेच नाही. माझ्या वडिलांना अकोल्यास नेण्यापूर्वी दहाबारा वर्षे वहिनींनी त्यांचे सारे केले. शेजारपाजारचा 'सेवाभावी पुत्र' हा लौकिक मात्र शेवटच्या एका वर्षाच्या बळावर मला मिळाला.

सीतारामजींचा अंत त्यांच्या स्वभावास शोभेसा झाला. वय एकशे दहाच्या उंबरठ्यावर. कोर्टाच्या कामासाठी ते जवळच्या गावी निघाले होते. घरची माणसे बरोबर होती. बसमधून उतरत असताना बस हलली, ते पडले आणि डोक्यास मार लागला. मुलाने त्यांना घरी आणले, आणि दोनेक दिवसांत आपल्या माणसांत त्यांनी देह ठेविला. त्या वयात कोर्टाला कशाला निघाले, असे आपण म्हणू. परंतु ते काम त्यांना महत्त्वाचे वाटत होते, आणि त्यांच्या माणसांनी त्यांना अडविले नाही, सोबत केली.

पुढे त्यांच्या घराण्याने गावाकडे पाठ फिरविली नाही, हेही सांगितले पाहिजे. उमरखेड येथे आज गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय आहे. परदेशी गेलेल्या मुलाने आपल्या मातोश्रींच्या नावाने ते उभे करविले. आपल्याच अमरावतीच्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे. म्हाताऱ्याने दोनशे एकर केले, परंतु आज त्या भागातील शेकडो मुलांच्या गुणपत्रिकांवर जे नाव छापले जाते, ते त्यांच्या पत्नीचे आरंभी आहे. मला हे फार योग्य वाटते.

या सर्वांवरून आपल्या मंडळींपुढे काही सूचना ठेवतो. उपदेश म्हणून नव्हे. माझी चूक झाली, ती इतरांच्या घरी होऊ नये म्हणून.

पहिली गोष्ट मुलांसाठी. घरातील म्हाताऱ्या माणसाचा रोजचा एक नेम असतो. कुणाचा वावरात जाण्याचा, कुणाचा मारुतीच्या पारावर बसण्याचा, कुणा माउलीचा पहाटे सडा टाकण्याचा. तो नेम मोडू नका. धोका असेल तर घोडे लहान करा. कोणते घोडे लहान करावे, हे त्या माणसाला विचारा. आज आपली मुले पुण्या-मुंबईस, बंगळूरला, परदेशात आहेत. गावात घरे मोठी आणि आत एकटा म्हातारा किंवा एकटी म्हातारी, हे चित्र आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहे. पैसे पाठविणे आवश्यकच आहे. पण दूरध्वनीवर 'औषध घेतले का' एवढेच न विचारता, 'यंदा तूर पेरावी की सोयाबीन, तुमचे काय मत' असेही विचारीत जा. ज्याचे मत कुणी विचारीत नाही, त्याच्या पायांवर दसऱ्याला डोके ठेवून काय उपयोग?

दुसरी गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. मुलांच्या हातांत बळ आहे तोवर कासरा त्यांच्या हाती द्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ८५ प्रमाणे सर्व हिस्सेदारांची संमती असल्यास तहसीलदारांकडून शेतीची वाटणी करून घेता येते. त्यासाठी भांडण व्हावेच लागते असे नाही. वाटणी करताना लेकींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. 'बहिणीने सही करून दिली' हे वाक्य आपण फार सहजपणे बोलतो.

सर्व देऊन टाकल्यावर आपले काय, ही भीती खोटी नाही. त्यासाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा २००७ सालचा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. मात्र ती अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असावी. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे हा अर्ज करता येतो. मुलगा चांगला आहे म्हणून अट लिहू नये, असे कुणी समजू नये. चांगल्या मुलाला त्या अटीचा त्रास होत नाही.

तिसरी सूचना आपल्या मंडळासाठी. याच व्यासपीठावर दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. शिक्षक म्हणून मला त्याचा अभिमान आहे. परंतु ज्या सुनेने, लेकीने किंवा मुलाने घरातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची वर्षानुवर्षे सेवा केली, त्याचा सत्कार आजवर येथे झालेला मी पाहिला नाही. पुढील वर्षापासून प्रत्येक तालुक्यातून निदान एक नाव मागवावे, आणि नारळ-लुगड्याबरोबर त्या माउलीला माइकवर दोन शब्द बोलू द्यावेत. तसेच गावोगावच्या सभासदांनी आपल्या गावात एकटे राहणाऱ्या वृद्धांची यादी करून मंडळाकडे द्यावी. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे. याला वर्गणी लागत नाही.

आणि शेवटची गोष्ट मुलांसाठी, जी या मांडवात मागे बसून चुळबुळ करीत आहेत. बाळांनो, घरी गेल्यावर आपल्या आजोबा-आजीजवळ वही घेऊन बसा. त्यांना विचारा, तुमचे पहिले कर्ज किती होते, ते कसे फिटले, कुणाशी भांडण झाले, कुणी मदत केली. जे सांगतील ते तसेच लिहून काढा. सावकारीही लिहा, रुसवाही लिहा. उटीच्या म्हाताऱ्याची हकीकत सातासमुद्रांपलीकडे वाचली जाते, ती तो थोर पुरुष होता म्हणून नव्हे, नातवाने ती खरी लिहिली म्हणून. तुमच्या घरातही असा एक माणूस ओसरीवर बसलेला आहे. तो आहे तोवर विचारून घ्या. मी विचारले नाही.

पुढील स्मरणिकेत माझ्या वहिनींविषयी एक लेख द्यावा, असा माझा विचार आहे. त्या आज हयात आहेत आणि गावीच असतात. छायाचित्राखाली विशेषणे घालणार नाही. त्यांनाच विचारून लिहीन.